दगडावरची चित्रे

मुलांनो, आपण वाकोल्यात राहतो. सांताक्रूझ स्टेशनवरून लोकलने बोरिवलीला गेले, की पश्चिमेला एकसर हे जुने गाव लागते. आता तेथे उंच इमारती आहेत. पण त्या वस्तीतच सहा कोरीव शिळा आहेत. त्यांना वीरगळ म्हणतात. लढाईत मरण पावलेल्या वीराच्या आठवणीसाठी उभारलेला दगड म्हणजे वीरगळ. ही कबर नव्हे. दगडाखाली कोणी पुरलेले नसते.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. अगदी खाली लढाई दिसते. तिच्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, मग शिवलिंगाची पूजा करणारा वीर आणि टोकाला कलश. पुष्कळ वीरगळांवर चंद्र-सूर्य असतात. चंद्र-सूर्य आहेत तोवर या वीराची आठवण राहावी, असा त्याचा अर्थ. खालच्या चौकटीत गाई कोरलेल्या असल्या, तर समजावे, की हा माणूस गावची गुरे वाचवताना मारला गेला.

एकसरच्या काही शिळांवर मात्र चक्क जहाजे आहेत! उंच डोलकाठ्या, वल्ह्यांच्या रांगा आणि जहाजांवर लढणारे सैनिक. असे वीरगळ फार थोडे आहेत. इ. स. १२६५ च्या सुमारास यादव राजा महादेव आणि कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात युद्ध झाले. सोमेश्वर समुद्रात बुडून मेला. हीच ती लढाई असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. राजांची नावे ग्रंथांत राहिली. ज्यांच्यासाठी हे दगड उभारले, त्यांची नावे आज कोणालाच ठाऊक नाहीत. पण ते समुद्रावर लढले, हे अक्षरओळख नसलेल्यालाही कळते.

दूर स्कॉटलंडमध्येही जुन्या कबरींच्या दगडांवर अशी चित्रे आहेत. शिंप्याच्या दगडावर कात्री, विणकराच्या दगडावर धोटा, लोहाराच्या दगडावर हातोडा आणि वर मुकुट. तेथे लढाई नाही, रोजचे काम आहे. मला हे फार आवडते.

मुघल काळातील कबरींवरही खुणा असत. पुरुषाच्या कबरीवर कलमदान, स्त्रीच्या कबरीवर पाटी. आग्र्याच्या ताजमहालात शाहजहानच्या कबरीवर कलमदान आहे आणि शेजारी मुमताजच्या कबरीवर पाटी.

स्वाध्याय
१. वीरगळावर गाई कोरलेल्या असल्या, तर काय समजावे?
२. सुतार, कोळी आणि शिक्षक यांच्यासाठी तुम्ही कोणती चित्रे कोराल?