पाणबुडीची बॅटरी

अकलोलीची गरम पाण्याची कुंडे तुम्हांला ठाऊक आहेत. तानसा नदीच्या काठी असलेल्या या कुंडांत स्नान करायला लोक दुरून येतात. पण हेच पाणी कोणी बॅटरीत घातले, तर बॅटरी खराब होईल. असे का? हे समजण्यासाठी आपण समुद्राखाली जाऊ या.

मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली ‘कलवरी’ ही पाणबुडी १४ डिसेंबर २०१७ रोजी नौदलात दाखल झाली. तिच्यात बॅटरीचे ३६० घट आहेत. एका घटाचे वजन ७५० किलो! डिझेल इंजिनाला हवा लागते. पाण्याखाली हवा कोठून मिळणार? म्हणून तेथे इंजिन बंद ठेवतात आणि बॅटरीच्या विजेवर पाणबुडी चालवतात. वीज कमी झाली, की पाणबुडी पृष्ठभागाजवळ येते, नळीने हवा आत घेते आणि इंजिन चालवून बॅटरी पुन्हा भरते.

अशा बॅटरीत शिशाच्या पट्ट्या आणि पाणी मिसळलेले गंधकाम्ल असते. बॅटरी भरताना थोड्या पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन हे वायू होतात. त्यामुळे घटातील पाणी कमी होते. पट्ट्या उघड्या पडल्या, तर त्या बिघडतात. म्हणून वेळोवेळी शुद्ध केलेले पाणी घालावे लागते. झऱ्याच्या किंवा नळाच्या पाण्यात क्षार असतात. ते पट्ट्यांना अपाय करतात.

हायड्रोजनचा धोका याहून मोठा आहे. हवेत त्याचे प्रमाण शेकडा ४ झाले, की एक ठिणगीही स्फोटाला पुरते. फेब्रुवारी २०१० मध्ये विशाखापट्टणम येथे ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीवर आग लागली. बॅटरीच्या सदोष झडपेतून हायड्रोजन गळून स्फोट झाला, असे नौदलाच्या अधिकाऱ्यांनी सांगितले. त्यात एका नौसैनिकाला प्राण गमवावे लागले.

म्हणूनच पाणबुडीतले सैनिक बॅटरीवर सतत लक्ष ठेवतात. घटांतील पाण्याची पातळी, तापमान आणि आम्लाची घनता ते तपासतात आणि नोंदवहीत लिहितात. पंख्याने हायड्रोजन बाहेर काढतात. रिकामी झालेली बॅटरी तशीच पडू देत नाहीत, कारण पट्ट्यांवर कठीण थर जमतो आणि बॅटरीची शक्ती घटते.

तुमच्या घरी इन्व्हर्टर असेल, तर त्याची बॅटरी हवेशीर जागी ठेवायला सांगा. तिच्याजवळ काडी पेटवू नका. पाणी घालण्याचे काम मोठ्यांनाच करू द्या. नोंदवहीतली एक ओळ लिहायला क्षणभर पुरतो. पण समुद्राखाली त्या ओळीवर सर्व सोबत्यांचे प्राण अवलंबून असतात.

शब्दार्थ
पाणबुडी – पाण्याखाली चालणारे जहाज
घट – बॅटरीचा एक भाग, सेल
गंधकाम्ल – गंधकाचा तेजाब
अपाय – नुकसान
स्फोट – धमाका

स्वाध्याय
१. पाण्याखाली डिझेल इंजिन का चालवत नाहीत?
२. बॅटरीत झऱ्याचे पाणी का घालू नये?
३. ‘कलवरी’च्या सर्व घटांचे एकूण वजन किती?
४. वाक्यात उपयोग करा : लक्ष ठेवणे, प्राण गमावणे.