पुढचे अक्षर कोणते?

परक्या भाषेतील उतारा समोर आला की आपण पहिल्याच अनोळखी शब्दापाशी अडतो. शब्दकोश उघडतो, अर्थ लिहितो, पुढे जातो आणि पुन्हा अडतो. पान संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते! नववीत स्पॅनिश शिकणाऱ्या माझ्या भाचीची हीच तक्रार होती. "मामा, मला वाचताच येत नाही," असे ती म्हणाली. तेव्हा मी तिच्याबरोबर एक खेळ खेळलो. स्पॅनिशच्या कोणत्याही वर्गात तो खेळता येईल. फळा, खडू आणि पाठ्यपुस्तकातील एक वाक्य एवढेच त्याला लागते.

खेळ असा खेळा

शिक्षकांनी एक वाक्य निवडावे व प्रत्येक अक्षरासाठी फळ्यावर एक रेघ काढावी. दोन शब्दांमधील मोकळी जागा हेही एक चिन्ह समजून तिलाही रेघ द्यावी. वर्गाने पहिले अक्षर ओळखायचे. चुकले तर शिक्षक फक्त 'नाही' म्हणतील. बरोबर आले की ते रेघेवर लिहायचे आणि किती प्रयत्न लागले तो आकडा खाली मांडायचा. मग दुसरे अक्षर. क्रम मात्र मोडायचा नाही.

'लास कासास सोन ब्लांकास' हे वाक्य घ्या. 'घरे पांढरी आहेत' असा त्याचा अर्थ. रोमन लिपीत मोकळ्या जागांसह त्यात २१ चिन्हे आहेत. 'ब्लांकास'चे पहिले अक्षर ओळखायला बरेच प्रयत्न लागतील. पण त्याच शब्दाची शेवटची 'ए' आणि 'एस' ही अक्षरे बहुधा पहिल्याच प्रयत्नात येतील. असे का? 'लास' हे स्त्रीलिंगी अनेकवचनाचे उपपद आहे. ते आले की नाम व विशेषण यांची रूपे त्याला जुळवून घेतात. मराठीत 'काळी मांजर' ऐकल्यावर पुढे 'आली' येईल, 'आला' येणार नाही, हे आपल्याला आधीच ठाऊक असते, तसेच हे!

आकडे काय सांगतात?

हा खेळ अमेरिकन गणितज्ञ व अभियंता क्लॉड शॅनन यांनी १९५१ साली एका शोधनिबंधात मांडला. त्यांच्या एका प्रयोगात १०२ चिन्हांच्या इंग्रजी वाक्यांतील ७९ चिन्हे पहिल्याच प्रयत्नात ओळखली गेली.

इंग्रजीची २६ अक्षरे आणि मोकळी जागा मिळून २७ चिन्हे होतात. ती सर्व सारख्याच वेळा येत असती, तर एक चिन्ह नेमके शोधायला 'हो-नाही' उत्तराचे जवळजवळ पाच प्रश्न लागले असते. (दोनाचा पाचवा घात ३२ होतो, हे आठवा.) पण आधीची शंभरएक अक्षरे माहीत असली, तर सरासरी सुमारे एकाच प्रश्नाइतकी माहिती नवी असते, असे शॅनन यांना आढळले. उरलेली माहिती भाषेचे नियम आणि मागचा अर्थ यांतूनच मिळते. म्हणूनच शाई पुसटलेले पत्रही आपण वाचू शकतो.

दुसरा खेळ शब्दांचा

विल्सन टेलर यांनी १९५३ साली उताऱ्याची सुबोधता मोजण्यासाठी ठराविक अंतराने शब्द गाळण्याची पद्धत सुचवली. शिक्षकांनी पुस्तकातील परिच्छेद मोठ्याने वाचावा, प्रत्येक पाचव्या शब्दाऐवजी टेबलावर टिचकी मारावी आणि मुलांनी तो शब्द वहीत लिहावा. उपपदे व शब्दयोगी शब्द सहज भरले जातील, नामे अवघड जातील. फारच थोडे शब्द जमले, तर उतारा वर्गाच्या आवाक्याबाहेरचा आहे असे समजावे. दोष मुलांना देऊ नये.

मात्र एक सावधगिरी हवी. माणसांची नावे, आकडे आणि नकार अंदाजाने वाचू नयेत. स्पॅनिशमध्ये 'नो' हा दोन अक्षरी शब्द नजरेतून निसटला, तर वाक्याचा अर्थ नेमका उलटा होतो. पदार्थविज्ञानाच्या उदाहरणातही असेच गुण जातात! शिवाय या खेळांनी नवे शब्द पाठ होत नाहीत. तो अभ्यास वेगळा करावाच लागतो.

करून पाहा

सारख्याच लांबीची दोन वाक्ये निवडा. एकावर जूनमध्ये आणि दुसऱ्यावर मार्चमध्ये खेळ खेळा. पहिल्या प्रयत्नात ओळखलेल्या चिन्हांची संख्या दोन्ही वेळा मोजा. वाक्य सोपे की अवघड यानेही आकडा बदलतो. म्हणून दर वेळी तीन-चार वाक्ये घेऊन सरासरी काढणे चांगले.

माझ्या भाचीने वरच्या वाक्यातील २१ पैकी ११ चिन्हे पहिल्याच प्रयत्नात ओळखली. स्पॅनिशची २७ अक्षरे आणि मोकळी जागा अशा २८ चिन्हांतून नुसत्या नशिबावर तिला एखादेच जमले असते. मग बाकीची दहा कुठून आली? ती तिच्याजवळ होतीच. मी तिला तो हिशेब दाखवला. तिने शब्दकोश मिटून बाजूला ठेवला आणि उतारा पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.