आश्रमाचे वर्ष

पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात बोलपूरजवळ वसलेल्या शांतिनिकेतनात वर्षाची मोजदाद निराळ्या रीतीने होते. पंचांगाप्रमाणे बंगाली वर्ष वैशाखात सुरू होते, परंतु आश्रमवासी आपल्या संस्थेचा जन्म मानतात तो ७ पौष या दिवशी. ही सप्तमीची तिथी नव्हे, सौर महिन्यातील तारीख होय. ती डिसेंबरच्या चौथ्या आठवड्याच्या आसपास येते. १८४३ साली याच दिवशी महर्षी देवेंद्रनाथ ठाकूर यांनी ब्राह्मधर्माची दीक्षा घेतली होती. पुढे १९०१ मध्ये हाच दिवस निवडून त्यांचे पुत्र रवींद्रनाथ यांनी येथे ब्रह्मचर्याश्रम स्थापन केला. आरंभी अवघे पाच विद्यार्थी होते आणि त्यांतील एक खुद्द त्यांचा मुलगा रथींद्रनाथ होता.

छातिमतला, म्हणजे आपल्याकडील सातविणीच्या झाडाखालची जागा, येथे त्या सकाळी उपासना होते. उत्सव म्हटला की आनंद आलाच, आणि पौष मेळ्याची गर्दीही प्रसिद्ध आहे. तथापि या दिवसाचे मूळ प्रयोजन गतवर्षाकडे वळून पाहण्याचे होते. रवींद्रनाथ या प्रसंगी, तसेच चैत्राच्या अखेरीस वर्षशेषाच्या दिवशी, मंदिरात प्रवचन करीत. आश्रम कशासाठी आहे आणि आपण त्या हेतूशी कितपत प्रामाणिक राहिलो आहोत, हा प्रश्न त्यांनी विद्यार्थ्यांइतकाच स्वतःलाही वारंवार विचारला.

तो विचारण्यास कारणही होते. आश्रमाची मूल्ये पहिल्या दिवसापासून पूर्णावस्थेत होती, असा समज भाविकपणाचा ठरेल. प्रारंभीच्या काळात भोजनाच्या वेळी ब्राह्मण मुलांची पंगत वेगळी बसे. १९०२ साली एका ब्राह्मणेतर शिक्षकाला ब्राह्मण विद्यार्थ्यांनी पाया पडून नमस्कार करावा की नाही, असा पेच उभा राहिला, तेव्हा स्वतः रवींद्रनाथांनी रूढीच्या बाजूने कौल दिला होता. पुढील काळात त्यांनी ही भूमिका मागे टाकली आणि १९२१ मध्ये अवघ्या विश्वाला आमंत्रण देणारी विश्वभारती उभी केली. दोन दशकांचे हे अंतर एका झेपेत ओलांडले गेले नाही.

या वाटचालीतील एक टप्पा १९१५ सालचा आहे. दक्षिण आफ्रिकेतील फिनिक्स आश्रमाची मुले आधीपासूनच शांतिनिकेतनात येऊन राहिली होती आणि आपली सर्व कामे स्वहस्ते करीत होती. मराठी वाचकांना सुपरिचित असलेले काका कालेलकरही त्या वेळी तेथेच होते. १७ फेब्रुवारीला गांधीजी आले, पण लगेच गोखल्यांच्या निधनाची वार्ता आल्याने त्यांना पुण्याला जावे लागले. मार्चमध्ये परतल्यावर त्यांनी शिक्षक व विद्यार्थी यांच्यापुढे सूचना मांडली की, पगारी आचारी कशाला हवेत, स्वयंपाक आपणच करावा. रवींद्रनाथांनी संमती दिली आणि १० मार्च रोजी प्रयोग सुरू झाला. भाजी चिरणे, धान्य निवडणे, भांड्यांचा ढीग घासणे अशी कामे वाटून घेतली गेली. भांडी घासणाऱ्यांचा शीण हलका व्हावा म्हणून काही जण सतार वाजवीत. पिअर्सन या इंग्रज शिक्षकाने स्वतःला या कामात झोकून दिले. इतर काही मात्र लवकरच थकले. काही काळाने प्रयोग बंद पडला.

तरीही १० मार्च हा दिवस ‘गांधी पुण्याह’ म्हणून पाळला जातो. त्या दिवशी आचारी व सफाई कामगार यांना सुट्टी असते. झाडलोट आणि स्वयंपाक विद्यार्थी व अध्यापक करतात. वर्षातून एकदा झाडू हाती घेतल्याने श्रमाची प्रतिष्ठा सिद्ध होत नाही, असा आक्षेप घेता येईल आणि तो निराधार नाही. मात्र जो प्रयोग टिकला नाही त्याचाच वाढदिवस पाळणारी संस्था विरळा! या दिवसामुळे निदान इतके तरी होते की, रोज ताटात येणारे अन्न कोणाच्या हातून येते, हा प्रश्न मुलांना टाळता येत नाही.

वर्षाचा खरा हिशेब होतो तो ९ पौषला. त्या दिवशी गेल्या वर्षात दिवंगत झालेल्या आश्रमबंधूंचे स्मरण केले जाते आणि सर्व जण हविष्यान्नाचे साधे भोजन घेतात. मेळ्याच्या गजबजाटात ही शांतता कशी साधत असेल, असे बाहेरच्या माणसाला वाटते. पण या शाळेची घडणच वियोगातून झाली आहे. शाळेसाठी आपले दागिने देणाऱ्या मृणालिनीदेवी १९०२ मध्ये, शाळेला वर्ष पुरे होण्याआधीच वारल्या. कवीचा धाकटा मुलगा शमींद्रनाथ १९०७ मध्ये गेला. त्या दोघांच्या मधल्या काळात, १९०४ च्या आरंभी, सतीशचंद्र राय हा ऐन विशीतला शिक्षक देवीच्या साथीत आश्रमातच मृत्यू पावला. मोठ्या पगाराचा मार्ग सोडून तो येथे आला होता आणि मुलांना काव्याची गोडी लावीत होता. त्याच्या मृत्यूनंतर शाळा काही काळ पद्माकाठच्या शिलाईदहला हलवावी लागली.