फवारणी पंपाचा खटका : सफाईनंतरची जोडणी

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांस रुग्णालयात दाखल व्हावे लागले. पुरुषभर वाढलेली पऱ्हाटी, औषधांची मनमानी मिश्रणे, उघडे अंग या कारणांची चर्चा पुष्कळ झाली. गळक्या खटक्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. प्रोफेनोफॉससारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके त्वचेवाटेही शरीरात भिनतात. म्हणून खटका धरणारा हात दिवसभर ओला राहणे ही साधी गोष्ट नव्हे.

पाठीवरील पंपाच्या मुठीत एक लहान दांडी असते. तिच्या टोकास रबरी चकती असून स्प्रिंग व द्रावणाचा दाब मिळून ती चकती बैठकीवर घट्ट धरून ठेवतात. खटका दाबला की दांडी सरकते, चकती उचलली जाते व द्रावण नोझलकडे जाते. दांडी जेथून बाहेर येते तेथे एक बारीक रबरी कडे असते. चकती झिजली तर नोझल ठिबकते. कडे झिजले तर हात भिजतो. दोष कोठे आहे हे एवढ्यावरून ओळखता येते.

खोलण्यापूर्वी टाकी रिकामी करून तीन वेळा धुवावी, खटका दाबून नळीतील दाब काढून टाकावा व हातमोजे घालावेत. हे काम वावरात उभ्याने करू नये. एका प्रात्यक्षिकाच्या वेळी प्रस्तुत लेखकाच्याच हातून स्प्रिंग उडून पऱ्हाटीत हरवली, आणि उपस्थित मंडळींची चांगलीच करमणूक झाली. घमेल्यात कापड अंथरून त्यावर भाग निघतील त्या क्रमाने मांडावेत.

जोडणी उलट क्रमाने करावयाची. प्रथम कडे साबणाच्या पाण्याने ओले करून दांडीच्या खाचेत बसवावे. रॉकेल वा पेट्रोल लावू नये, त्याने रबर फुगते. कड्यास पीळ पडलेला नसावा. मग चकतीसह दांडी हलकेच आत सारावी, मागोमाग स्प्रिंग ठेवावी व झाकणीचे आटे प्रथम बोटांनीच फिरवावेत. आटे आडवे चढले तर प्लास्टिकची झाकणी कायमची बाद होते. पान्ह्याची घाई येथेच नडते. शेवटी खटका दांडीच्या टोकावर आणून त्याची खीळ घालावी. खटक्यास किंचित सैलपणा हवा. तो मोकळा असतानाही दांडीस रेटत असेल, तर चकती पूर्ण बसत नाही. मुठीतील गाळणी परत बसविण्यास विसरू नये. पंपाच्या बनावटीनुसार भागांत थोडा फरक आढळेल, तत्त्व मात्र हेच.

जोडणीनंतर टाकीत स्वच्छ पाणी भरून दाब द्यावा आणि मुठीभोवती कोरडा कागद गुंडाळून पाच मिनिटे थांबावे. नंतर खटका वीस-पंचवीस वेळा दाबून-सोडून पुन्हा पाहावे. कागद ओला झाल्यास कडे बदलावे. त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळण्याची पद्धत गावोगावी दिसते. ती पट्टी औषध शोषून तळहाताशीच धरून ठेवते. चकतीवर घळ पडली असल्यास ती उलटून लावू नये, नवीच घालावी. चकती व कडे यांचा एक जादा जोड हंगामापूर्वीच घरी आणून ठेवावा.