घड्याळ चुकले की आधी फरक पाहावा



संगणकात घड्याळे दोन असतात. मदरबोर्डवरचे घड्याळ वीज बंद असतानाही ३ व्होल्टच्या सीआर २०३२ सेलवर चालते. ऑपरेटिंग सिस्टिमचे घड्याळ सुरू होताना त्याच्याकडून वेळ घेते आणि पुढे इंटरनेटवरच्या टाइम सर्व्हरशी जुळवून घेत राहते. दोष यांपैकी कुठे आहे, हे बहुतेकदा चुकलेल्या वेळेवरूनच कळते. म्हणून घड्याळ हाताने सारखे करण्याची घाई करू नये. खऱ्या वेळेशी किती फरक आहे तो आधी लिहून ठेवावा. एकदा घड्याळ सारखे केले की तो पुरावा गेला.

फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल, तर काहीही बिघडलेले नसते. भारतीय प्रमाणवेळ यूटीसीच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. प्रथम टाइम झोन तपासावा. तो ठीक असेल आणि यंत्रावर विंडोज व लिनक्स दोन्ही असतील, तर कारण तिथेच आहे: विंडोज मदरबोर्डवर स्थानिक वेळ नोंदवते, लिनक्स यूटीसी. लिनक्स वापरून विंडोजमध्ये आले की घड्याळ साडेपाच तास मागे दिसते, उलट क्रमाने तेवढेच पुढे. अशा वेळी सेल बदलणे म्हणजे पैसे वाया. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगावे. उन्हाळी वेळ पाळणाऱ्या देशांत या उपायाने वर्षातून दोनदा घोळ होऊ शकतो; भारतात तो प्रश्नच येत नाही.

रात्री बंद केलेला संगणक सकाळी काही वर्षांपूर्वीची तारीख दाखवू लागला, तर सेल संपला आहे. मग प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळावर ब्राउझर प्रमाणपत्राची तक्रार करतो, कारण त्याच्या दृष्टीने प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नसते. इथे बरेच जण अडतात: ‘सिंक नाऊ’ पुन्हा पुन्हा दाबूनही उपयोग होत नाही. घरगुती विंडोजमध्ये मूळ मर्यादा १५ तासांची असते. त्याहून मोठा फरक विंडोज सर्व्हरच्या सांगण्यावरून भरून काढत नाही. आधी तारीख-वेळ हाताने जवळपास आणावी, मग सिंक करावे. सेल बदलताना प्लग काढावा आणि अधिक चिन्हाची बाजू वर ठेवावी.

तिसरा प्रकार हळूहळू मागे-पुढे होण्याचा. मदरबोर्डवरचा क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ कंपने करतो. दहा लाखांत वीस इतकी चूक धरली, तरी दिवसाला पावणेदोन सेकंद आणि महिन्याला सुमारे ५० सेकंद होतात. एवढी चूक स्वाभाविकच आहे. ती साचत गेली याचा अर्थ सर्व्हरशी जुळणी थांबली आहे. ‘विंडोज टाइम’ ही सेवा चालू आहे का, ते पाहावे. चालू असेल तर संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडून सिंक करावे. तिथे वेळ जुळली, तर घरच्या राउटरने यूडीपीचे १२३ क्रमांकाचे पोर्ट अडवलेले असण्याचा संभव मोठा. तिथेही जुळली नाही, तर संगणकाची स्वतःची फायरवॉल तपासावी आणि टाइम सर्व्हर बदलून पाहावा.

— आत्या