पानमुनजॉमच्या रेषेवर: काय करावे, काय टाळावे

कोरियातले युद्ध १९५३ साली संपले असे आपण सर्रास म्हणतो. प्रत्यक्षात २७ जुलैला पानमुनजॉममध्ये झाली ती शस्त्रसंधी. शांतता करार आजतागायत झालेला नाही. सकाळी दहाला सह्या झाल्या, तोफा थांबल्या त्या रात्री दहाला. उत्तर आणि दक्षिण कोरियाच्या बाजूची सैन्ये मधल्या रेषेपासून २-२ किलोमीटर मागे सरली आणि मधला साधारण २५० किलोमीटर लांबीचा पट्टा तेव्हापासून राखला जातो आहे. दक्षिणेकडून तिथे पहाऱ्याला असतात ती बहुतेक विशी-बाविशीतली पोरे, दीड वर्षाच्या सक्तीच्या सेवेवर आलेली. युद्ध जिंकायचे काम त्यांच्याकडे नाही. ते पुन्हा पेटू द्यायचे नाही, एवढेच त्यांचे काम, आणि माझ्या मते ते लढण्याहून अवघड आहे. पुढच्या सूचना तिथे घडलेल्या घटनांवरूनच काढल्या आहेत.

काय करावे

• कुंपण रोज जवळ जाऊन तपासावे. जाळीच्या फटींत दगड खोचून ठेवलेले असतात. कोणी जाळी हलवली किंवा कापली, की दगड खाली पडतो. कॅमेरे आले तरी हे दगड पाहायचे काम सुटलेले नाही.

• घडले तेच वर कळवावे. ऑक्टोबर २०१२ मध्ये उत्तरेचा एक सैनिक पूर्व किनाऱ्याजवळची सगळी कुंपणे ओलांडून आला आणि दक्षिणेच्या बराकीचे दार ठोठावून उभा राहिला. तो कॅमेऱ्यात दिसला होता, असे आधी सांगितले गेले. ते खोटे निघाले आणि सेनाप्रमुखांच्या पातळीवर माफी मागावी लागली. माणूस नजरेतून सुटणे ही चूक झाली. पण अहवालच खोटा असेल तर संकटाच्या रात्री वरचे लोक निर्णय कशावर घेणार?

• ठरलेल्या वाटेनेच चालावे, पावसाळ्यात तर नक्कीच. लाकडी पेटीतले सुरुंग पुराच्या पाण्याबरोबर वाहत येतात आणि धातुशोधकाला सहज सापडत नाहीत. अर्थात ठरलेली वाटही निर्धोक नसते. ऑगस्ट २०१५ मध्ये दक्षिणेच्या कुंपणाच्या दारापाशीच असे सुरुंग फुटले आणि गस्तीवरचे दोन जवान जायबंदी झाले. दक्षिणेने उत्तरेला जबाबदार धरले, सीमेवरचे अकरा वर्षे बंद असलेले प्रचाराचे ध्वनिक्षेपक पुन्हा सुरू केले. त्याच महिन्यात तोफाही डागल्या गेल्या.

• जखमीला आधी आडोशाला आणावे. नोव्हेंबर २०१७ मध्ये उत्तरेचा एक सैनिक पानमुनजॉममधून पळत दक्षिणेकडे आला. मागून त्याच्याच साथीदारांनी गोळ्या झाडल्या आणि तो भिंतीच्या कडेला, पाचोळ्यात कोसळला. दक्षिणेच्या जवानांनी उलट गोळीबार केला नाही. ते जमिनीला पोट लावून सरपटत गेले आणि त्याला ओढत घेऊन आले. तो वाचला. ‘गोळीला गोळीने उत्तर का दिले नाही?’ असे तेव्हा बऱ्याच लोकांनी विचारले. मला तर त्या सरपटण्यात शौर्यच दिसते.

• बिघडत चाललेल्या जागी वरिष्ठाने स्वतः जावे. शस्त्रसंधीनंतर मायदेशी परतायला नकार देणारे सुमारे २२ हजार युद्धकैदी याच पट्ट्यात भारतीय सैन्याच्या ताब्यात होते आणि त्या दलाचे प्रमुख होते कोल्हापूरचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला आत धरून ठेवले, तेव्हा थोरात स्वतः त्या खवळलेल्या जमावात शिरले आणि त्याला सोडवून आणले. पुढे ऑक्टोबरच्या सुरुवातीला मात्र गोळीबार झाला, त्यात कैदी मेले. दर वेळी यश येतेच असे नाही. तरी बंदुकीआधी माणूस पुढे जावा.

• आजचा आदेश आज वाचावा. नियम बदलत राहतात. उत्तर-दक्षिणेतल्या २०१८ च्या लष्करी समझोत्यानंतर पानमुनजॉममधले पहारेकरी निःशस्त्र झाले होते. २०२३ च्या अखेरीस समझोता मोडला आणि उत्तरेच्या पहारेकऱ्यांच्या कमरेला पुन्हा पिस्तुले आली.

काय टाळावे

• समोरच्याला हातवारे करू नयेत, शिवी देऊ नये, हसूही नये. पानमुनजॉमला भेट देणाऱ्यांनाही बोट दाखवू नका असे बजावतात.

• किरकोळ काम किरकोळ समजू नये. १८ ऑगस्ट १९७६ रोजी पानमुनजॉममध्ये एका पॉपलर झाडाच्या फांद्या तोडायच्या होत्या, कारण त्या चौकीच्या नजरेच्या आड येत होत्या. उत्तरेच्या अधिकाऱ्याने काम थांबवायला सांगितले, ते थांबले नाही. मग उत्तरेच्या सैनिकांनी फांद्या तोडायला आणलेल्या कुऱ्हाडींनीच दोन अमेरिकन अधिकाऱ्यांचा जीव घेतला. तीन दिवसांनी ते झाड तोडले तेव्हा आकाशात बी-५२ बॉम्बफेकी विमाने घिरट्या घालत होती. तोपर्यंत दोन्हीकडचे पहारेकरी त्या आवारात सगळीकडे फिरत. त्यानंतर तिथेही रेषा पाळली जाऊ लागली.

• हिशेब चुकता करायला जास्तीच्या गोळ्या झाडू नयेत. मे २०२० मध्ये उत्तरेकडून आलेल्या चार गोळ्या दक्षिणेच्या चौकीला लागल्या. दक्षिणेने सुमारे अर्ध्या तासाने तीसेक झाडल्या. चौकशीत शस्त्रसंधी दोघांनीही मोडल्याचा निष्कर्ष निघाला.

• सोबतच्या जवानाला छळू नये, हिणवू नये, वाळीत टाकू नये. जून २०१४ मध्ये पूर्व किनाऱ्याजवळच्या चौकीवर एका जवानाने आपल्याच पाच साथीदारांना ठार केले. सोबतचे आपल्याला हिणवतात हा राग त्याच्या मनात साचला होता. त्याच्यावर लक्ष ठेवायला हवे अशी नोंद असूनही त्याला हातात बंदूक देऊन सीमेवर उभे केले होते. म्हणून कोणी जेवायचा थांबला, बोलायचा थांबला, तर त्याच दिवशी तुकडीप्रमुखाला सांगावे, आणि तुकडीप्रमुखाने त्याला पहाऱ्यावरून काढून डॉक्टरकडे पाठवावे.