मुखपृष्ठ कोणासाठी? टीव्ही साप्ताहिकांकडून घेण्याचा धडा

टीव्हीच्या कार्यक्रमांचे वेळापत्रक छापणारे साप्ताहिक हा नाशवंत माल आहे. ब्रिटनमध्ये अशा अंकाचा आठवडा शनिवारी सुरू होऊन शुक्रवारी संपतो. त्यानंतर उरलेली प्रत रद्दीच. शिवाय मालिका किती वाजता, बातम्या किती वाजता, हा आतला मजकूर सर्व अंकांत जवळजवळ सारखाच. मग गिऱ्हाईक एक अंक सोडून दुसरा का उचलते? याचे उत्तर बरेचसे मुखपृष्ठात आहे. छपाई, डिझाइन, पॅकिंग आणि पाट्या रंगविण्याच्या धंद्यातील बंधूंनी हा प्रकार जरूर अभ्यासावा.

मक्तेदारी गेली, स्पर्धा आली

बीबीसीने 'रेडिओ टाइम्स' 28 सप्टेंबर 1923 रोजी सुरू केले. 1955 साली आयटीव्ही आली आणि तिच्याबरोबर 'टीव्ही टाइम्स' आले. एकाचे कार्यक्रम दुसऱ्यात छापले जात नसत, म्हणून अनेक घरांत दोन्ही अंक घ्यावे लागत. 1988 च्या नाताळात 'रेडिओ टाइम्स'च्या 1 कोटी 12 लाखांहून अधिक प्रती खपल्या. 1990 च्या कायद्याने ही मक्तेदारी मोडली. मार्च 1991 पासून सर्व वाहिन्यांचे वेळापत्रक कोणालाही छापता येऊ लागले. त्याच वर्षी 'व्हॉट्स ऑन टीव्ही' आणि 'टीव्ही क्विक' बाजारात उतरली. 1999 मध्ये 'टीव्ही चॉइस' आले.

जसे गिऱ्हाईक, तसे मुखपृष्ठ

'व्हॉट्स ऑन टीव्ही' आणि 'टीव्ही चॉइस' हे स्वस्त अंक. त्यांचा वाचक 'ईस्टएंडर्स', 'कोरोनेशन स्ट्रीट' अशा रोजच्या मालिकांचा. म्हणून मुखपृष्ठावर ओळखीचे अनेक चेहरे, भडक रंग आणि 'या आठवड्यात काय घडणार' हे सांगणारे ठळक मथळे. 'रेडिओ टाइम्स' महाग. त्याच्या वाचकाला नाटक, निसर्गपट, रेडिओ हेही हवे असते. तेथे बहुधा एकच मोठे चित्र आणि मोजके शब्द.

30 एप्रिल 2005 च्या अंकावर 'डॉक्टर हू' मालिकेतील डालेक नावाचे यंत्रशत्रू पार्लमेंटच्या इमारतीसमोर दाखविले होते. शब्द दोनच: डालेकला मत द्या. त्याच आठवड्यात, 5 मे रोजी, देशात सार्वत्रिक निवडणूक होती. मालिका आणि लोकांच्या तोंडचा विषय एकाच चित्रात आले. 2008 साली लोकांच्या मतदानात हे ब्रिटनचे सर्वोत्तम मासिक-मुखपृष्ठ ठरले.

अमेरिकेत 'टीव्ही गाइड'चा पहिला देशव्यापी अंक 3 एप्रिल 1953 रोजी निघाला. आतील वेळापत्रक विभागानुसार वेगळे, पण मुखपृष्ठावर सर्वत्र अभिनेत्री ल्युसिल बॉल हिच्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र. त्याच्या जन्माची चर्चा देशभर झालेली होती. माल गावोगाव वेगळा असला तरी वेष्टनावर सर्वांच्या ओळखीची गोष्ट हवी, हे यातून शिकावे.

कामाचे नियम

1. आधी गिऱ्हाईक एका वाक्यात लिहून काढा: कोण, काय पाहतो, किती पैसे देतो. मगच रंग निवडा.

2. अंकाचे नाव आणि मुख्य मथळा वरच्या भागात ठेवा. मांडणीवर खालचा भाग पुढच्या अंकामागे झाकला जातो.

3. एक गोष्ट मोठी, बाकीच्या लहान. सर्वच मोठ्या केल्या तर एकही दिसत नाही.

4. तारखा आणि किंमत चटकन सापडावीत. किंमत कमी असेल तर ती ठळक छापा. तीही जाहिरातच आहे.

5. वर जे सांगाल ते आत द्या. फसलेले गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात परत येत नाही.

स्वाध्याय

नमुना खऱ्या आकारात छापा. दुकानात इतर अंकांच्या रांगेत ठेवून सहा पावले मागे जा. ज्याने तो आधी पाहिलेला नाही अशा माणसाला विचारा: हे काय आहे, कोणासाठी आहे, किमतीला किती? तीनपैकी एकाही प्रश्नाला तो अडला तर छपाईला देऊ नका. प्लेट बदलण्याचा खर्च एकदाच होतो. पडून राहिलेला छापील माल सगळे भांडवल अडकवतो.

अत्तराच्या बाटलीचे लेबल असो वा नानखटाईचा पुडा, हीच परीक्षा त्यालाही लावून पाहावी.